अकालीं कोमेजणारीं फुलें



गेल्या चैत्रांत एका खेड्यांत आमचें जाणें झालें असतां तेथील एका बाईंनीं आम्हांस आपल्या घरामागील गुलछडीचा वाफा दाखविला. गुलछडी म्हणजे निशिगंध. या लहानशा वाफ्यावर त्या घराचें बरेंच कांहीं अवलंबून आहे. बाजाराच्या दिवशीं फुलें विकून जे पैसे येतात त्यांतून त्यांच्या धाकट्या मुलीच्या शाळेचा खर्च भागतो. पहिलीं दोन वर्षें दांडे चांगले आले. तिसऱ्या वर्षीं ते थोडे आले, आणि जे आले त्यांवरील कळ्या उमलण्यापूर्वींच कडेनें तांबूस पडून वाळूं लागल्या. बाई म्हणाल्या, "दादा, आमचं काय चुकलं तेवढं सांगा. शेजारीण म्हणते, कंदच नासका होता. सासूबाई म्हणतात, माझ्या हाताला यश नाही."

या दोन उत्तरांनीं आम्हांस विचारांत पाडिलें. शेजारणीनें दोष कंदास दिला, सासूबाईंनीं तो सुनेस दिला. वाफा मात्र कोणीं उकरून पाहिला नव्हता. मनुष्य जेव्हां अकालीं कोमेजतो, तेव्हांहि आम्ही बहुधा असेंच करितों. म्हणून जें लवकर सुकलें तें दोषी मानावें काय, आणि दोष द्यावयाचाच तर तो कोणास द्यावा, या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं. आरंभ फुलांपासून करूं, कारण फुलांविषयीं आमच्या मनांत राग नसतो, आणि जेथें राग नसतो तेथें न्याय करणें सोपें जातें.

कंद म्हणजे काय हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. प्रत्येकाच्या घरीं कांदा आहे. कांदा चिरला असतां त्यांत एकावर एक जाड पापुद्रे दिसतात. ते पापुद्रे म्हणजे पानांचेच बुंधे होत. हिरवें पान उन्हांत अन्न तयार करितें, आणि गरजेहून जें उरतें तें खालीं या बुंध्यांत सांठवितें. लिली, ट्यूलिप आणि नर्गिस, ज्यास इंग्लंडांत डॅफोडिल म्हणतात, यांचे कंद याच रीतीचे आहेत. केशराचा गड्डा आंतून भरीव असतो, परंतु सांठविण्याचें काम तेंच. ट्यूलिपचा किंवा नर्गिसाचा कंद हिंवाळ्यापूर्वीं कापून पाहिला, तर पुढल्या वसंतांत दिसावयाचें फूल त्याच्या पोटांत अगदीं सूक्ष्म रूपानें आधींच घडलेलें आढळतें. तें मागल्या ऋतूंतील पानांच्या कमाईवर घडलेलें असतें. म्हणजे आज उमललेलें फूल हें गतवर्षींच्या पानांचें फळ होय, आणि आजचीं पानें जें मिळवितील तें पुढल्या वर्षीं दिसेल. फूल आणि त्याचें कारण यांमध्यें असें एका वर्षाचें अंतर असतें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली असतां पुढील सर्व विचार सोपा होईल.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, पिवळें किंवा तपकिरी पडणें हें नेहमींच आजाराचें लक्षण नसतें. उन्हाळी कांद्याची वाढ पुरी झाली कीं त्याच्या माना आपोआप पडतात. अर्ध्याअधिक माना पडल्या म्हणजे शेतकरी भीत नाहीं. तो काढणीची तयारी करितो. काढलेला कांदा तो पातीसकट रानांत पसरतो, एका ओळीच्या पातीनें दुसऱ्या ओळीचा कांदा झांकतो, आणि पात वाळूं देतो. मान नीट मिटल्यावांचून कांदा टिकत नाहीं हें त्यास ठाऊक असतें. आमच्या डोंगरांत पावसाबरोबर कळलावी उगवते, तांबड्या-पिवळ्या फुलांनीं कुंपणें शोभविते, आणि पावसाळा सरला कीं वेलासकट वाळून नाहींशी होते. तिचा विषारी गड्डा जमिनींत स्वस्थ पडून असतो. काश्मिरांत पांपूरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत केशराचें फूल उमलतें, तें पहांटे वेंचावें लागतें, कारण ऊन चढलें कीं तें मलूल होऊं लागतें. त्याचीं गवतासारखीं बारीक पानें मात्र हिंवाळाभर हिरवीं राहून गड्डा पोसतात, व उन्हाळ्याच्या तोंडीं वाळतात. ज्या देशांत प्रभूनें लोकांस रानांतील फुलांकडे पाहावयास सांगितलें, तेथेंहि हिंवाळ्यांत व वसंतांत तांबड्या अनिमोनीनें माळ रंगतात, आणि उन्हाळा येतांच तेथें कांहींएक दिसत नाहीं. खालीं गड्डा जिवंत असतो.

अशा कोमेजण्यास आम्ही परतणें म्हणूं. पानांतील उपयोगी अंश खालीं परततो, आणि वर जें वाळतें तें रिकामें झालेलें भांडें असतें. येथें कोणाचाहि दोष नाहीं. दोष घडतो तो हें परतणें पुरें होऊं न देणाराचा.

याविषयीं आमची स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. आमच्या अंगणांत लाल लिलीची एक ओळ होती. एके वर्षीं एप्रिलांत ती भरघोस फुलली. फुलें गेल्यावर कांहीं दिवसांनीं घरीं पाहुणे यावयाचे होते, आणि लिलीचीं लांब, लोळणारीं पानें आम्हांस अव्यवस्थित दिसूं लागलीं. आम्हीं विळ्यानें तीं बुडाशीं कापून अंगण स्वच्छ केलें. पाहुण्यांनीं अंगणाची प्रशंसा केली. पुढल्या वर्षीं त्या ओळींत पानें आलीं, परंतु दांडा एकहि आला नाहीं. पानें कंदाकडे जें पोंचवीत होतीं तें आम्हीं वाटेंत लुटलें होतें, आणि तेंहि नीटनेटकेपणाच्या नांवाखालीं. इंग्लंडांतील जाणते माळी सांगतात कीं, नर्गिसाचीं पानें फुलें गेल्यानंतर निदान सहा आठवडे तशींच राहूं द्यावीं. तीं बरीं दिसावीं म्हणून कोणी त्यांच्या गांठी बांधतात, त्याचाहि ते निषेध करितात, कारण गांठ बांधलेल्या पानास ऊन कमी मिळतें. उलट, सुकलेल्या फुलामागें बीं धरूं लागलें तर तें खुडावें, कारण बीं भरण्यांत कंदाचा सांठा खर्च होतो. कांद्यास अवेळीं डेंगळा आला म्हणजे तो कांदा टिकत नाहीं, हें आम्हां सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. अवेळीं फुलोऱ्याची हौस केली कीं तिची किंमत सांठ्यांतून द्यावी लागते.

दुसरें कोमेजणें खरोखर अकालीं असतें, आणि त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. ऊन फार तापलें व पाण्यांत खंड पडला तर कळी उमलण्याआधींच वाळते. ट्यूलिपसारखें थंड देशांतील फूल उष्ण वारा सुटला असतां थोड्याच दिवसांत पाकळ्या टाकितें. हवा गार राहिली तर अधिक टिकतें. फुलकिडे, जे डोळ्यांस सहज दिसत नाहींत, कळीस ओरखडून रस शोषितात, व पाकळीच्या कडा तपकिरी पडतात. ढगाळ व दमट हवेंत कांद्यावर करपा पडतो, तशीच बुरशी इतर कंदांच्या पानांवरहि पडते. नर्गिसाचा व ट्यूलिपचा कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावा असा सामान्य नियम आहे. उथळ लाविलेला कंद लवकर तापतो व सुकतो.

यांत विशेष लक्षांत घेण्यासारखें हें आहे कीं, तहानेनें आणि पाण्याच्या अतिरेकानें झाड बहुतेक सारखेंच दिसतें. जमिनींत पाणी सांचलें म्हणजे मुळें गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांस पाणी ओढतां येत नाहीं. आणि पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेनें सुकतें. तें सुकलेलें पाहून एखादा कनवाळू मनुष्य त्यावर आणखी एक घागर ओततो. त्याच्या मनांत दया असते, परंतु ती दया जमीन उकरून पाहत नाहीं, म्हणून ती मारक होते.

बाईंच्या परवानगीनें आम्हीं त्यांच्या वाफ्यांत कुदळ घातली. वरच्या अंगास कंदांची इतकी दाटी झाली होती कीं, एकमेकांस चिकटून त्यांचा गठ्ठा बनला होता. निशिगंधाच्या कंदाभोंवतीं पिल्लें धरत जातात, आणि तीन वर्षांनीं वाफा मोडून नवा करावा लागतो, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. खालच्या अंगास, जेथें न्हाणीचें पाणी मुरत होतें, तेथें कांहीं कंद मऊ पडून त्यांस घाण येत होती. मधला पट्टा कोरडा ठणठणीत होता, कारण विहीर फाल्गुनांतच आटली होती. एका वाफ्यांत तीन कारणें होतीं. वरून रंग एकच दिसत होता. शेजारणीचें म्हणणें थोडेसें खरें ठरलें, कारण कांहीं कंद नासके होतेच. परंतु ते नासके म्हणून त्या वाफ्यांत आले नव्हते. सासूबाईंच्या म्हणण्यास मात्र कोठेंहि आधार सांपडला नाहीं.

कारण किती मागें असूं शकतें याचें एक उदाहरण हॉलंडांतील ट्यूलिपच्या कोठारांत मिळतें. आढींत एक आंबा पिकला कीं शेजारचे पिकूं लागतात, हें आपण जाणतों. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो. या वायूचा वाढत्या रोपांवर परिणाम होतो हें रशियांतील दिमित्री नेल्युबॉव या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखविलें. फ्युझेरियम नांवाच्या बुरशीनें कुजणाऱ्या ट्यूलिपच्या कंदांतूनहि हाच वायु पुष्कळ निघतो. कोठारांत असे कंद राहिले तर शेजारचे निरोगी कंद बाहेरून टणकच दिसतात, परंतु त्यांच्या पोटांतील कळी तेथेंच करपते. पुढें वसंतांत तो कंद पानें काढतो, आणि कळी कागदासारखी वाळलेली निघते, अथवा निघतच नाहीं. मग माळ्यानें त्या वाफ्यास कितीहि खत घातलें तरी उपयोग होत नाहीं. घाव कित्येक महिन्यांपूर्वीं अंधाऱ्या कोठारांत बसलेला असतो. म्हणून तेथील बागाइतदार कोठारांत वारा खेळता ठेवितात, आणि कुजके कंद निवडून बाहेर काढितात. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. जें आज सुकलें त्याचा दोष आजच त्याच्याच अंगीं शोधूं नये, ही एक. आणि नासक्यास चांगल्यांत पडूं देणें यास दया म्हणतां येत नाहीं, ही दुसरी.

याची उलट बाजूहि पाहण्यासारखी आहे. सतराव्या शतकांत हॉलंडांत ज्या ट्यूलिपच्या पाकळ्यांवर ज्वाळेसारखे पट्टे उमटत, त्यांच्या कंदांस अतोनात किंमत येई. सेम्पर ऑगस्टस नांवाची पांढऱ्यावर तांबड्या पट्ट्यांची जात त्यांत सर्वांत प्रसिद्ध होती. कंदांचा तो सट्टा १६३७ च्या फेब्रुवारींत कोसळला. पुढें जवळजवळ तीनशें वर्षांनीं, १९२८ सालीं, इंग्लंडांतील डोरोथी केली या विदुषीनें दाखविलें कीं, हे पट्टे एका कंदांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या संसर्गानें उमटतात. हा विषाणु असून मावा तो पसरवितो, हें आज सर्वांस मान्य आहे. त्या रोगानें कंद क्षीण होत जात. म्हणून ते वाढविणें कठीण, म्हणून ते दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून महाग. लोक ज्या फुलास सर्वांत सुंदर म्हणत होते तें आजारी होतें. तेव्हां कोमेजलेलें तें वाईट, असा निवाडा जसा चुकतो, तसाच झळकतें तें निरोगी, हा निवाडाहि चुकतो.

आतां मनुष्याकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या माहितींतील एका गांवीं एका तरुणानें रात्रशाळा चालविली. दिवसा तो दुसऱ्याच्या शेतांत मजुरी करी, आणि रात्रीं कंदील लावून मुलांस व मोठ्या माणसांस शिकवी. पहिल्या वर्षीं ती शाळा पाहण्यास पुष्कळ लोक गेले, आम्हीहि गेलों. सभांतून त्याचें नांव घेतलें गेलें. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो मुलांवर चिडूं लागला. मग आठवड्यांतून दोन रात्री शाळा बंद राहूं लागली. मग त्यानें ती सोडून दिली. पुढल्या बैठकींत कोणी एक म्हणाला, "आरंभशूर." आम्हीं त्यास अडविलें नाहीं. बैठकीचें टिपण आमच्याकडे होतें, त्यांत तो शब्द आम्हीं आपल्या हातानें लिहिला. नंतर कळलें कीं, कंदिलाचें घासलेट तो आपल्या मजुरींतून घेत होता, ठरलेले थोडे पैसे सात महिने त्यास पोंचले नव्हते, आणि त्याची आई घरीं अंथरुणास खिळलेली होती. दोन वर्षांत आम्ही पांच वेळां त्याच्या शाळेंत गेलों. त्याच्या घरीं एकदांहि गेलों नाहीं. आमची स्तुति त्यास उन्हासारखी लागली, आणि पाणी कोणींच घातलें नाहीं.

त्यानें पुन्हां शाळा काढिली नाहीं. त्या कंदिलाजवळ अक्षरें गिरविलेलीं दोन मुलें आज शिक्षक आहेत. निशिगंधाच्या ज्या कंदानें एकदां दांडा दिला तो बहुधा पुन्हां देत नाहीं. पुढें फुलतात तीं त्याचीं पिल्लें. हें आठवलें म्हणजे मनास थोडें बरें वाटतें, परंतु तेवढ्यानें आमची सुटका होत नाहीं. टिपणांतील तो शब्द आम्हीं नंतर खोडला. तोंपर्यंत तो गांवांत पुष्कळांच्या तोंडीं बसला होता.

येथें कोणी म्हणेल, अशा विचारानें आळशासहि सबब मिळेल. जो तो म्हणेल, मला पाणी मिळालें नाहीं. ही शंका योग्य आहे. तिचें उत्तर माळी देतो तेंच आम्ही देतों. माळी सुकलेल्या झाडाचा कंद हातांत घेऊन दाबून पाहतो. तो टणक असला तर त्यास विश्रांति देतो. मऊ व दुर्गंधी असला तर तो वेगळा काढतो. पाहण्याआधीं तो दोहोंपैकीं कांहींच करीत नाहीं. मनुष्यांतहि खरा आळस असतो, खरा लबाडपणा असतो, आणि त्याचा जाब मागितलाच पाहिजे. मनुष्यास निवड करितां येते, फुलास येत नाहीं. परंतु ज्यानें आधीं विचारपूस केली नाहीं त्यानें जाब विचारूं नये. शिवाय येथें आणखी एक भेद आहे. मऊ पडलेला कंद पुन्हां कधीं टणक होत नाहीं. मनुष्य होऊं शकतो. म्हणून त्याच्या हातून होणारें नुकसान थांबवावें, पण त्यास स्वतःस उकिरड्यावर टाकूं नये.

तेव्हां आमच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच. कोणी लवकर कोमेजलेला दिसला तर तीन गोष्टी पाहाव्या. त्याचा काळ पुरा झाला होता काय? त्यास जें लागत होतें तें मिळालें होतें काय? आणि मूळ अजून टणक आहे काय? पहिल्याचें उत्तर होय असें आलें, तर तें परतणें आहे. त्यास उसंत द्यावी. दुसऱ्याचें उत्तर नाहीं असें आलें, तर दोष शोधावयास त्याच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. तो आपल्याच दारीं सांपडेल. आणि तिसऱ्याचें उत्तर होय असेल तोंवर कोणीहि शेवटचा शब्द लिहूं नये.

त्या बाईंनीं चैत्राच्या अखेरीस सबंध वाफा मोडला. मऊ कंद वेगळे काढून जाळले, टणक तेवढे निवडून कांहीं आठवडे सावलींत पसरून ठेविले. न्हाणीचें पाणी केळींकडे वळविलें. ज्येष्ठांत नव्या जागीं सरी-वरंबा करून हातहात अंतरावर कंद लाविले. मुलीची यंदाची फी एक शेळी विकून भरावी लागली. आम्ही हें लिहीत आहों तेव्हां आषाढ लागला आहे, आणि त्यांचा निरोप आला आहे कीं पानें वीतभर वर आलीं. फुलांस अद्याप अवकाश आहे. निरोपांत आणखी एक वाक्य होतें. सरींत पाणी सांचलें आहे कीं काय, हें रोज सकाळीं सासूबाई स्वतः जाऊन पाहतात.